आईचा राग आणि कोपऱ्यावर थांबलेली मी

शहापूरची_लेक

नमस्कार. दोन वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहायलीय. विषय घरातला आहे आणि घरात कुणाशी बोलायला जमेना म्हणून इथं.

माझं वय ३८. माहेर बेळगावातलं शहापूर, सासर अनगोळ, म्हणजे गाडीवर दहा मिनिटं. वडील वडगावात मागावर होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली. भाऊ पुण्यात. आई ६४ ची, एकटी राहते, अजून ब्लाऊज शिवते आणि तिच्या फिटिंगसाठी बायका टिळकवाडीतून येतात. हे आधी सांगते कारण पुढचं वाचून कुणी तिला वाईट बाई समजू नये.

आमच्या गल्लीत मागाचा खडखडाट दिवसभर, पण त्यातून मला आईच्या मशीनचा आवाज वेगळा काढता यायचा. शाळेतून येताना कोपऱ्यावर थांबायची. पायडल एका लयीत चाललं असलं तर आत जायचं, दप्तर टाकायचं, भूक लागली म्हणायचं. झटके देत चालून मधेच थांबत असलं तर मागच्या दारानं, आवाज न करता. आणि मशीन बंदच असलं तर मैत्रिणीकडं, दिवे लागेपर्यंत. आज दोन पोरांची आई झाले तरी तिच्याकडं जाताना त्याच कोपऱ्यावर गाडी बंद करते आणि ऐकते. नवऱ्याला एकदा सांगितलं तर त्याला काही कळलंच नाही, गाडी का बंद करतेस म्हणाला.

चौथीत होते तेव्हाचं सांगते. गॅदरिंगला तिनं रात्रभर जागून पिवळा फ्रॉक शिवला, खाली तीन झालरी. सकाळी घालून बघताना मी म्हटलं गळ्याला टोचालंय. एवढंच. तिनं तो माझ्या अंगावरनं काढला आणि कात्रीनं झालरी उभ्या कापल्या, माझ्यासमोर. मी गणवेशातच गेले, नाचात मागच्या रांगेत उभं केलं मला. संध्याकाळी घरी आले तर फ्रॉक परत शिवून खुंटीला लावलेला, कापलं होतं तिथं जरीची पट्टी, गळ्याला आतनं मऊ अस्तर, आधीपेक्षा सुंदर. कोण काही बोललं नाही. जेवायला बस म्हणाली. त्या दिवशी माझ्यावर माया झाली का मार बसला हे मला आजपण सांगता येत नाही.

आता हल्लीचं. दोन महिन्यांपूर्वी मोठीचा नववा वाढदिवस होता. केक कापला आणि लेकीनं पहिला घास माझ्या सासूबाईंना भरवला, त्या शेजारी उभ्या होत्या म्हणून. आई उठली, पिशवी घेतली, चप्पल घातली आणि गेली. रात्री ११ ते २ मध्ये २३ कॉल. उचलला की शिव्या, ठेवला की परत. "मेलो समज मला. विहीर जवळ करतो मी, मग बसा सासूला घास भरवत." (आमच्याकडं बायका असंच बोलतात, जातो, येतो, करतो.) दोन वाजता आम्ही दोघं पोरांना सासूबाईंजवळ ठेवून धावत गेलो. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "एवढ्या रात्री का आलासा? चहा ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कुंद्याचा (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) डबा घेऊन दारात. नातीला मांडीवर घेऊन भरवला. जणू काल काही झालंच नाही.

मी हे सगळं सोसत आलेय, त्याचं काही नाही. पण गेल्या रविवारी खासबागच्या बाजारातनं आम्ही आईकडं निघालो आणि लेक गाडीवर मागनं विचारते, "आई, आज्जी आज चांगली आहे का?" माझे हातच गळाले. हाच प्रश्न मी कोपऱ्यावर उभी राहून विचारायची, फक्त विचारायला कोण नव्हतं.

भाऊ म्हणतो ब्लॉक कर. नवरा म्हणतो लक्ष देऊ नको. मावश्या म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, बघून घे. मला तिला तोडायचं नाही आणि असं जगायचंही नाही. कुणी यातनं गेलंय का?

निपाणकर

ताई, तुमचं ते मशीनचं वाचून थांबलो. आमच्याकडं सूप होतं. आई विड्या वळायची, मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि पानं. दिवसाला हजार विड्यांचा हिशोब. कारखान्यात दिल्यावर खराब म्हणून शंभर-दीडशे बाजूला काढल्या की त्या दिवशी घरी येऊन आमच्या पाठी सुजायच्या. आता कळतं मला, हजार वळून साडेआठशेचे पैसे घ्यायचे आणि त्यावर तीन पोरं जगवायची म्हणजे माणसाचं डोकं जागेवर राहायचं नाही. कारण कळलं पण पोटातला गोळा गेला नाही, हे पण खरं. दोन्ही खरं आहे. लोक आपल्याला यातलं एकच निवडायला लावतात.

मी एवढंच केलं की फोनची वेळ ठरवली. रोज रात्री ९, दहा मिनिटं, आजारी असलो तरी करतो. बाकी वेळेला कॉल आला तर एकदा उचलून विचारतो "तब्येतीचं काही आहे का?" नाही म्हणाली तर "नऊला बोलू." सुरवातीला तिनं गावभर सांगितलं पोरगा बायकोच्या नादी लागला. त्याला आता चार वर्षं झाली. राग गेला नाही तिचा, पण नऊला ती वाट बघते.

जवारी_मिरची

माफ करा पण मला हे पटत नाही. आई आहे ती. एकटी राहते, नवरा नाही, मुलगा लांब. ६४ व्या वर्षी तिला वेळ ठरवून देणार? आपल्याला वाढवताना तिनं घड्याळ बघितलं होतं का? दोन शब्द बोलली तर बोलली. माझी आई गेल्यावर मला कळलं, शिव्या द्यायला पण कोण उरलं नाही.

शहापूरची_लेक

@जवारी_मिरची, तुमचं दुःख मला समजतं, खरंच. पण मी दोन शब्दांबद्दल लिहिलं नाही. ती मरणाची भाषा करते आणि मी रात्री दोनला पोरं झोपेत सोडून धावते, याबद्दल लिहिलंय. माझ्या लेकीनं पण पुढं कोपऱ्यावर उभं राहायचं का, एवढंच सांगा मला.

जवारी_मिरची

नाही. ते नको. लेकीचं मी नीट वाचलं नव्हतं, आता परत वाचलं.

मलप्रभा_काठ

मी समुपदेशन करते, बेळगाव-धारवाड भागातच. दोन-चार गोष्टी मोकळेपणानं लिहिते, पण धाग्यावरून कुणाच्या आईला आजाराचं नाव देणार नाही आणि कुणी देऊ पण नये.

पहिलं म्हणजे हा स्वभाव लहानपणापासून असाच आहे की अलीकडं वाढलाय ते बघा. साठीनंतर चिडचिड नव्यानं वाढली असेल तर आधी शरीर तपासायचं. थायरॉईड, बी-१२, बीपी, आणि शुगरची गोळी चालू असेल तर शुगर खाली जाते का, कारण साखर उतरली की माणूस अंगावर येतो. कानपण तपासा. ऐकू कमी यायला लागलं की अर्धं वाक्य कानावर पडतं आणि उरलेलं मन भरून काढतं, तेही बहुतेक वेळा वाईटच. विसरणं वाढलंय का, तेही विचारा.

दुसरं, राग कसा येतो आणि किती टिकतो. कुणी दुर्लक्ष केलं, कुणाला आधी घास दिला, असं काहीतरी नात्यातलं घडतं, राग भडकतो आणि काही तासांत उतरतो, हा एक प्रकार. काही कारण नसताना आठवडा-आठवडा झोप दोन तासांवर येते, बोलणं थांबत नाही, पैसे उडवले जातात आणि मग महिनाभर अंथरुणातून उठवत नाही, हा वेगळा प्रकार, त्याला औषध लागतंच आणि औषधाचा चांगला उपयोग होतो. ताईंच्या लिहिण्यातलं मला पहिल्यासारखं वाटतं, पण ते डॉक्टरांनी समोर बसवून ठरवायचं.

पहिल्या प्रकारच्या माणसांना भावना आपल्यापेक्षा लवकर भडकते, जास्त भडकते आणि उतरायला वेळ लागतो. मार्शा लिनेहान नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर उपचारपद्धत बसवली, डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) म्हणतात तिला. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच त्रासातून गेल्या होत्या आणि दवाखान्यात होत्या. त्यांच्या पद्धतीचा गाभा असा की माणसाला आहे तसं मान्य करायचं आणि बदलायला पण सांगायचं, दोन्ही एकदम. घरातल्यांना यातून घेण्यासारखं म्हणजे भावना मान्य करा, आरोप मान्य करू नका. "तुला वाईट वाटलं, दिसतंय मला" हे म्हणायचं. "आम्ही मुद्दाम केलं नाही, सासूबाई शेजारी होत्या म्हणून" हे त्या वेळी म्हणायचं नाही, कारण भडकलेल्या माणसाला खुलासा म्हणजे वाद वाटतो.

आणि २३ कॉलचं. बावीस न उचलता तेविसावा उचलला तर आपण काय शिकवलं? तेवीस करायचे. म्हणून पहिलाच उचला, शांतपणे सांगा "आत्ता ओरडणं चालू आहे म्हणून मी ठेवते, उद्या सकाळी दहाला येते", आणि ठेवा. मग काही झालं तरी दहाला जा. ती बरी असो नसो, माफी मागो न मागो. जाण्याचा भरवसा दिला नाही तर ही नुसती शिक्षा होते. सुरवातीला कॉल वाढतात हे आधीच सांगून ठेवते, तिथंच बहुतेक जण हार मानतात.

याला एकच अपवाद आहे. मरणाची भाषा आली की नियम बाजूला. खरं की खोटं ते तुम्ही ठरवू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात आहे का?" विचारल्यानं मनात भरत नाही, उलट बोलता येतं. शेजारी एखाद्या मावशींना आधीच सांगून ठेवा, त्या दोन मिनिटांत पोचतात, तुम्हाला दहा लागतात. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. तुम्हीसुद्धा तिथं बोलू शकता, फक्त आजारी माणसासाठीच नाही तो. जीवावरचं असेल तर ११२, तातडीच्या मदतीचा नंबर.

मुलीला मात्र आजच सांगा की आज्जीचा राग तिच्यामुळं येत नाही आणि तो शांत करणं हे तिचं काम नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शहापूरची_लेक

शेवटची ओळ वाचून बराच वेळ मोबाईल बाजूला ठेवला होता. धन्यवाद.

खानापूरची_सून

माझी आई ताईंनी वर लिहिलेल्या दुसऱ्या प्रकारातली. आम्हाला कळायला अकरा वर्षं लागली. रात्री तीनला उठून घर सारवायची, एकदा बारा किलोचे पापड एकटीनं लाटले आणि ऊन नाही म्हणून आम्हाला शिव्या. मग दोन महिने भिंतीकडं तोंड करून. सगळ्यांनी देवाचं म्हणून सौंदत्तीला नेलं, लिंबू उतरवलं, एका बाबानं तर भरपूर पैसे घेतले. सौंदत्तीला मी आजही जाते, डोंगरावर गेलं की आईला बरं वाटतं ते मी बघितलंय. पण गोळी बंद करून नाही. हे ज्यांना कुणाला मावश्या सांगायल्यात त्यांनी लक्षात ठेवा, देव आणि डॉक्टर दोन्ही चालतं, डॉक्टर सोडून देव चालत नाही.

शेवटी धारवाडला डिम्हान्सला, मनोविकाराच्या सरकारी दवाखान्यात नेलं. लिथियम चालू झालं, त्याला रक्त तपासत राहावं लागतं, किडनी आणि थायरॉईडपण बघतात. सहा महिन्यांत बाई जागेवर आली.

मला सांगायचंय ते भाषेचं. आई कानडी फाडफाड बोलते, बाजारात भाव कानडीतच करते. पण तिथं केसपेपर कानडी, फॉर्म कानडी, आणि डॉक्टरांनी कानडीत विचारलं कसं वाटतंय तर आई म्हणाली "चलो अदा", बरं आहे. दर वेळी बरं आहे. मी तेव्हा चिडायची की घरी एवढा धिंगाणा आणि इथं बरं कसं. तिसऱ्या वेळी एक नर्सबाई मराठीत म्हणाल्या "काय होतंय आक्का?" आणि आईच्या डोळ्यांतनं धारा. जीव कासावीस होतो, छातीत कालवाकालव होते, हे कानडीत कसं सांगायचं तिला माहीतच नव्हतं. हिशोबाची भाषा आणि रडायची भाषा वेगळी असते आपल्याकडच्या माणसांची. इतकी वर्षं पाट्यांवरून भांडणं बघितली मी, पण भाषा म्हणजे काय ते मला त्या बाकड्यावर कळलं. तर कुठंही नेलात तरी आधी विचारा, मराठी समजणारं कोण आहे का. बहुतेक असतंच, इकडं सगळ्यांना थोडं थोडं दोन्ही येतं, फक्त विचारावं लागतं.

धारवाड लांब वाटत असेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोविकाराचे डॉक्टर येतात, मनोचैतन्य म्हणतात त्या योजनेला. जायच्या आधी चौकशी करून जा.

सीमेवरचा

एक भीती विचारतो. आमच्या घरी पण असंच आहे आणि मोठा भाऊ म्हणतो दवाखान्यात जीव द्यायचं सांगितलं तर पोलीस केस होते, म्हणून कुणी बोलायचं नाही. खरं का?

मलप्रभा_काठ

या भीतीपायी माणसं गेलेली बघितलीत मी. मनात विचार आहे हे सांगणं हा गुन्हा नाही, कधीच नव्हता. आणि प्रयत्न केला असेल तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं सरकारचं कर्तव्य आहे. २९ मे २०१८ पासून लागू आहे तो. भावाला हे वाचून दाखवा. आणि दवाखान्यात खरं तेच सांगा.

सीमेवरचा

आजच दाखवतो.

शहापूरची_लेक

पाच आठवड्यांनी येतेय, बऱ्याच जणांनी मेसेज केले म्हणून.

पहिल्या आठवड्यात कॉल २३ वरून ४१ वर गेले. मलप्रभाताईंनी आधी सांगितलं नसतं तर मी सोडून दिलं असतं. पहिला उचलायचे, ते वाक्य म्हणायचे, ठेवायचे, मग शेजारच्या काकूंना फोन करून विचारायचे दिवा चालू आहे का. आणि सकाळी दहाला हजर. एकदा तिनं दार उघडलं नाही, मी पायरीवर वीस मिनिटं बसून भाजीची पिशवी कडीला लावून आले. दुसऱ्या दिवशी पिशवी धुऊन, घडी घालून माझ्या गाडीच्या डिकीवर ठेवली होती.

लेकीला बसवून सांगितलं. ती म्हणाली "मग कोणाचं काम आहे?" मी म्हटलं आज्जीचं स्वतःचं, आणि डॉक्टरांचं. तिनं मान हलवली आणि खेळायला गेली. एवढ्या लवकर पटलं तिला.

डॉक्टरांचं आईला कसं सांगायचं हा प्रश्न होता. रागासाठी चल म्हटलं असतं तर संपलंच. झोप लागत नाही अशी तिची नेहमीची तक्रार, म्हणून झोपेसाठी नेलं. बेळगावातच. रक्त तपासलं, थायरॉईड ठीक आहे, बी-१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पन्नास वर्षांचा राग इंजेक्शननं जायचा नाही.

खानापूरताईंचं लक्षात ठेवून मी आधीच विचारलं होतं. डॉक्टर कानडी आहेत. आई आत गेल्या गेल्या म्हणाली, "निद्दी बरंगिल्ल", झोप येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग मोडक्या मराठीत विचारलं, "आणि काय होतंय यव्वा?" आई गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळायली. मग म्हणाली, "राग येतो मला. आला की मी माझ्या हातात राहत नाही. पोरीला काय काय बोलतो, फोन ठेवल्यावर सगळं आठवतं. मग रात्रभर झोप नाही. सकाळी तोंड दाखवायला लाज वाटते, म्हणून कुंदा घेऊन जातो."

मी शेजारच्या खुर्चीत होते. ३८ वर्षं मी समजत होते की हिला दुसऱ्या दिवशी काही आठवतच नाही. फ्रॉकची जरीची पट्टी आठवली मला तिथं. मी काही बोलले नाही, तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, ऊन लई आहे, रिक्षा कर.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही, कुणाला तसं वाटू नये म्हणून लिहिते. महिन्यातनं दोनदा जायचं ठरलंय, तिथल्या समुपदेशक बाईंशी ती बोलते, काय बोलते मी विचारत नाही. मी स्वतःसाठी १४४१६ वर दोनदा बोलले. कुंदा मला अजून पूर्ण गोड लागत नाही आणि तो तसाच असू दे, असं मी ठरवलंय, तिला लाज वाटते हे कळलं म्हणून माझी ती रात्र पुसली जात नाही.

निपाणकर

ताई, अजून कोपऱ्यावर थांबता?

शहापूरची_लेक

हो दादा, थांबते. काल संध्याकाळी थांबले तर मशीन बंद होतं. गाडी तिथंच लावून चालत गेले आत. कुणीतरी बाईनं ब्लाऊज परत आणला होता, बाही आखूड झाली म्हणून, त्यावरनं भडकलेली. मला बघून सुरूच झाली, तू पण तसलीच, तुझा बाप पण तसलाच. मी म्हटलं, कष्ट करून शिवलेलं परत आलं की वाईट वाटतंच. थोडी थांबली, परत सुरू झाली. मी पाणी प्यायले, तांब्या जागेवर ठेवला, म्हटलं आई आता मी निघते, उद्या दहाला येते. पाठीमागनं काहीतरी आदळलं. मी वळून बघितलं नाही.

उद्या दहाला जायचंय.